कॅमेरा सगळ्यात शेवटी घ्या

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात ट्रस्टचा दवाखाना चालवणाऱ्या एका एमबीबीएस डॉक्टरांनी विचारलं आहे: "आमच्याकडे एक सिस्टर आणि एक कंपाउंडर आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं तर ७० किलोमीटर जावं लागतं, त्यामुळे बहुतेक पेशंट जातच नाहीत. आठवड्यातून एक दिवस व्हिडिओवर तज्ज्ञ मिळवून द्यायचा विचार आहे. एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळतोय, त्यातून कॅमेरा, मोठा टीव्ही आणि सॉफ्टवेअर घ्यायचं ठरतंय. काय घ्यावं, कायद्याचं काय, आणि हे काम कुठे फसतं?"

डॉक्टर, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. गेली नऊ वर्षं मराठवाड्यातल्या छोट्या दवाखान्यांची ओपीडी स्क्रीनवरून घेते. तुम्ही हे सुरू करताय हे वाचून मनापासून आनंद झाला. पण खरेदीच्या यादीत पहिला शब्द कॅमेरा दिसला आणि काळजीही वाटली.

सुरुवातीला माझी तीन केंद्रं होती, त्यातलं एक माझ्या डोळ्यांदेखत बंद पडलं. तिथला टीव्ही भिंतभर होता आणि नेटही बरं चालायचं. बंद पडलं ते गोळ्यांवाचून. चौथ्या महिन्यात रिस्पेरिडोन, म्हणजे भास-भ्रमांवरची गोळी, संपलं. मागणी केली होती, मंजुरी यायची होती. लांबच्या वस्तीवरून आलेले पेशंट दोनदा रिकाम्या हाताने परत गेले, तिसऱ्यांदा आलेच नाहीत. त्यातला एक मुलगा वर्षभराने भेटला तेव्हा त्याच्या पायाला साखळीचे वळ होते. आवाज ऐकू येणं पुन्हा सुरू झालं होतं, तो रात्री-अपरात्री निघून जायचा, म्हणून घरच्यांनी बांधून ठेवला होता. ती माणसं क्रूर नव्हती, थकली होती.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगते. पेशंटच्या शेजारच्या खुर्चीत कोण बसणार ते पहिलं ठरवा. मग गोळ्यांचं कपाट भरा. कॅमेरा सगळ्यात शेवटी घ्या.

शेजारच्या खुर्चीचं एवढं का, ते एका प्रसंगातून सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. पस्तिशीचा शेतकरी, फॉलोअपची तिसरी भेट. नैराश्यावरचं एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम चालू होतं. स्क्रीनवर नीट बसलेला, दाढी केलेली. "झोप येते, जेवण जातं, बरं वाटतंय मॅडम." मी तीच गोळी पुढे चालू ठेवून पुढचा केसपेपर मागणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, एक मिनिट." मग त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "दादा, बैल भावाच्या गोठ्यात का नेऊन बांधलेत?" तो काही बोलला नाही. "अन् किराणाची उधारी परवा सगळी चुकती केलीत म्हणे." तो मांडीवरच्या टोपीकडे बघत होता. टोपीची शिवण नखाने उसवत होता. दोनेक मिनिटं अशीच गेली. मग म्हणाला, "मागं कुणाला तरास नको."

फवारणीचं औषध घरातच होतं, कणगीच्या मागे. त्याला विचारून भावाला फोन लावला. भाऊ येईपर्यंत सिस्टर त्याच्या शेजारची खुर्ची सोडून उठल्या नाहीत. भावाने बाटली घरातून काढली, १०८ ची गाडी बोलावली, तो अकरा दिवस जिल्हा रुग्णालयात राहिला. आता दोन महिन्यांनी एकदा येतो. बैल परत त्याच्याच गोठ्यात आहेत.

मला त्या दिवशी स्क्रीनवर दाढी दिसली, सिस्टरना गोठा दिसला. कितीही महागडा कॅमेरा घेतला तरी गोठा त्यात येत नाही. त्या सिस्टर त्याच गावात राहतात, बायकांबरोबर दळण घेऊन चक्कीवर उभ्या असतात, कोण कुणाशी बोलायचं थांबलं ते त्यांना कळतं. असं माणूस तुमच्याकडे असेल तर निम्मं काम झालं.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. ३० गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि त्यांच्या मागे तज्ज्ञ अशी रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१५-१६ च्या, वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं होतं. ते आकडे १२ राज्यांचे आहेत, महाराष्ट्र त्यात नव्हता. पण तुमच्या ओपीडीत बसून बघितलं तर चित्र वेगळं दिसेल असं मला वाटत नाही. ही दरी भरताना तज्ज्ञ कमी पडतात हे खरंच, पण तज्ज्ञापर्यंत हात धरून नेणारं माणूस त्याहून कमी पडतं.

तेव्हा सीएसआरवाल्यांशी बोलताना माझं ऐका. उपकरणाला पैसे लगेच मिळतात, कारण त्याचा फोटो निघतो. मानधनाला पैसे मिळवताना दमछाक होते. तरीही अडून बसा. सिस्टरना या कामाचं वेगळं मानधन, ते किमान दोन वर्षं, आणि गोळ्यांचा खर्च एवढं लिहून घ्या. टीव्ही नको म्हणा. दहा-अकरा इंची टॅब पुरतो.

खोलीबद्दल थोडक्यात, कारण हे सोपं आहे. इथून पुढे मी 'मला' म्हणते तिथे तुमचा तज्ज्ञ समजा. आवाज चित्रापेक्षा महत्त्वाचा. टॅबला बाहेरचा एक चांगला स्पीकर-माइक लावा. मराठवाड्यात पत्र्याच्या खोलीवर पाऊस पडायला लागला की टॅबच्या आवाजात काही ऐकू येत नाही. पेशंटच्या पाठीमागे खिडकी नको, नाहीतर मला नुसती काळी सावली दिसते. हात मांडीवर दिसतील इतका टॅब लांब ठेवा, कारण थरथर, बोटांची चुळबूळ, टोपी उसवणं हे सगळं तिथे असतं. दर भेटीत पेशंटला दारापासून खुर्चीपर्यंत चालत यायला सांगा, आणि ते मला दाखवा. भास-भ्रमांवरच्या (अँटिसायकॉटिक) गोळ्यांनी आलेला अंगाचा ताठरपणा चालण्यात आधी कळतो. राउटरला इन्व्हर्टर हवा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. नेट गेलं तर जुन्या पेशंटचं बोलणं साध्या फोनवर पूर्ण करायचं, आणि नवा किंवा गंभीर पेशंट असेल तर तुम्ही स्वतः तपासून मला फोन करायचा, हे आधीच ठरलेलं असू द्या.

आता खोलीत कोण बसतं ते. सून स्क्रीनसमोर आणि सासू मागच्या स्टुलावर असेल तर मला "बरं हाय" याच्या पलीकडे काही ऐकायला मिळत नाही. आमच्या सिस्टरनी यावर छान तोड काढली आहे. प्रत्येक नातेवाइकाचं बीपी आणि वजन त्या शेजारच्या खोलीत घेतात. कुणाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. पेशंटला तेवढी दहा मिनिटं एकटी मिळतात. त्या दहा मिनिटांत नवऱ्याचं दारू पिणं, मारणं, पोटातलं सगळं बाहेर येतं. आणि नातेवाइकांकडूनही वेगळं ऐकायचंच असतं, तेही तेव्हाच होतं.

कुणी तरी आपल्यावर नजर ठेवतंय, टीव्हीतून आपल्याबद्दल बोलतात, असं वाटणारे पेशंट असतात. त्यांच्यासमोर एकदम स्क्रीनवर चेहरा आणू नका. मी आधी फोनवर बोलते, मग कॅमेरा फिरवून माझी खोली दाखवते, दार बंद आहे आणि दुसरं कुणी नाही हे दाखवते. "तुम्हाला नको वाटलं की सिस्टर हे बंद करतील" असं सांगते आणि बंद कसं करायचं ते त्यालाच दाखवायला लावते. बहुतेक जण बंद करत नाहीत. एकाने केलं. त्याच्यासाठी मी पुढच्या महिन्यात गावी गेले.

यावरून एक अट सांगते. जो तज्ज्ञ एकदाही तुमच्या गावात यायला तयार नाही, त्याच्याबरोबर हे सुरू करू नका. सुरू करण्याआधी एकदा, नंतर तीन महिन्यांनी एकदा. रस्ता किती वेळ घेतो, शेवटची एसटी किती वाजता सुटते, पाण्याचा टँकर कधी येतो, हे माहीत नसलेला डॉक्टर "रोज सकाळी फिरायला जा" असं सांगून मोकळा होतो.

दिवस निवडायचा तर आठवडी बाजाराचा. त्या दिवशी वाड्या-वस्त्यांवरचे लोक येतातच, आणि कशाला आलास हे कुणी कुणाला विचारत नाही. बाहेर 'मानसोपचार' अशी वेगळी पाटी लावू नका. तुमच्या नेहमीच्या ओपीडीत, त्याच रांगेत, तोच केसपेपर. मी तीन तासांत आठ ते दहा पेशंट बघते. नव्याला चाळीस मिनिटं, जुन्याला दहा-पंधरा. कुणी तीन तासांत तीस बघतो म्हणाला तर त्याला नम्रपणे नको म्हणा.

पेशंट कुठून आणायचे हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पहिल्या महिन्यात पडेल. लगेच मोठं शिबिर घेऊ नका. शिबिरात दोनशे लोक येतात आणि फॉलोअपला वीस उरतात. तुमच्या रजिस्टरमध्येच पेशंट आहेत. दर पंधरा दिवसांनी अशक्तपणा म्हणून सलाईन मागायला येणारी बाई, सगळे रिपोर्ट नॉर्मल असून छातीत धडधडणारा तरुण, डोक्यात मुंग्या येतात म्हणणारी, हातपाय गळून जातात म्हणणारी. यांच्यापासून सुरुवात करा. आकडीचे पेशंटही घ्या. आकडी मेंदूविकारात मोडते, पण गावाकडे तेही आपल्याकडेच येतात, त्यांना गोळ्यांनी लवकर गुण येतो आणि गावाचा विश्वास बसतो.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ची प्रश्नावली वापरा, पण छापील मराठी तशीच वाचून दाखवू नका. "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास किंवा हताश वाटलं का?" असं विचारलं की समोरची बाई "न्हाई" म्हणते आणि प्रश्नावलीत शून्य पडतो. तिलाच विचारा, "कशात मन रमतंय का? पोरासोरांत, शेळ्यांत, देवाधर्मात?" आणि "जीव नकोसा झालाय का?" मग बांध फुटतो. आमच्या सिस्टरनी नऊ प्रश्नांना नऊ बोलीतली वाक्यं लिहून टॅबच्या मागे चिकटवली आहेत. तुमच्या भागात लमाणी तांडे असतील तर तांड्यावरच्याच आशाताईंकडून त्यांच्या गोरमाटी बोलीतही करून घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना आणखी एक विचारायलाच हवं: पिशवी काढली आहे का, आणि कितव्या वर्षी? बीडमधल्या या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये शासनाला चौकशी समिती नेमावी लागली होती, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तिशी-पस्तिशीत गर्भाशय, आणि कधी कधी त्याबरोबर अंडाशयही काढलेली बाई अंगातून वाफा निघतात, झोप नाही, चिडचिड होते म्हणून येते. तिला नुसती झोपेची गोळी देऊन पाठवणं हा अन्याय आहे.

मरणाचे विचार विचारायला घाबरू नका. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाहीत, उलट ओझं उतरतं. पायरी-पायरीने जायचं. "एवढं सोसताना कधी वाटतं का, झोपावं अन् उठूच नये?" मग "स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" मग "काय करायचं ठरवलं होतं?" आणि शेवटी, आपल्या भागात कधीही न चुकवता, "फवारणीचं औषध कुठे ठेवता?" ते त्याच दिवशी घराबाहेर गेलं पाहिजे. भावाकडे, शेजारी, कृषी केंद्रात परत, कुठेही. आत्महत्येचा विचार अनेकदा तास-दोन तासांच्या लाटेत येतो. त्या लाटेत हाताशी बाटली नसेल तर माणूस वाचण्याची शक्यता फार वाढते.

स्क्रीनवरच्या डॉक्टरसाठी नियम असा, की भेट सुरू होण्याआधीच पेशंटचा पत्ता, दोन फोन नंबर आणि गावातल्या एका माणसाचं नाव माझ्यासमोर लिहिलेलं हवं. मी दोनशे किलोमीटरवर बसलेली असते, धावत येऊ शकत नाही. भिंतीवर एक कागद लावा: १०८, जिथे खरंच खाट मिळते त्या रुग्णालयाचा नंबर, पोलीस ठाणं, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. हा शेवटचा नंबर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो पेशंटच्या कार्डावरही लिहा. आपली ओपीडी आठवड्यातून एकदाच असते, रात्री दोन वाजता मन बिथरलं तर कुणी तरी फोन उचलायला हवा.

आता गोळ्या. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या चेन्नईच्या स्कार्फ संस्थेने २०१० मध्ये तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात बसमधून टेलिसायकिअॅट्री सुरू केली, आणि त्याच बसमध्ये औषधांची सोय ठेवली. किती शहाणपणाचा निर्णय होता तो! पेशंट स्क्रीनसमोरून उठला की चार पावलांवर गोळी. कपाटात फार काही लागत नाही: एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, थोडं अॅमिट्रिप्टिलीन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, लिथियम, व्हॅल्प्रोएट, ट्रायहेक्सीफेनिडिल, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), आणि इंजेक्शनमध्ये हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन. जनऔषधी केंद्रात बरीचशी स्वस्तात मिळतात. प्रत्येक गोळीचा तीन महिन्यांचा साठा, आणि एक महिन्याचा उरला की मागणी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला भेटून या. त्यांच्याकडे मोफत औषधं असतात, आणि दाखल करायची वेळ आली तर ओळखीचा आवाज लागतो.

मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट देऊ नका, गर्भाला मोठा धोका असतो. आणि लिथियमबद्दल मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. एका बाईचा उन्मादाचा आजार लिथियमवर दोन वर्षं अगदी ताब्यात होता. मे महिन्यात तिची कंबर धरली, तिने जवळच्या दवाखान्यात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेतलं आणि वर आठवडाभर गोळ्या. ऊन, घाम, पाणी कमी, त्यात वेदनाशामक. लिथियम अंगात साचत गेलं. हात थरथरायला लागले, जुलाब, झोकांड्या. घरच्यांना वाटलं पुन्हा डोकं फिरलं. रक्तातली पातळी २ च्या वर गेली होती, ती ०.६ ते १ च्या दरम्यान हवी. ती वाचली. पण मी तिला दोन वर्षांत एकदाही "अंगदुखीचं इंजेक्शन घेऊ नकोस" हे स्पष्ट सांगितलं नव्हतं, आणि तिथल्या डॉक्टरांना तर ती लिथियमवर आहे हेच माहीत नव्हतं. तेव्हापासून लिथियमच्या प्रत्येक कार्डावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं: डायक्लो, ब्रुफेन नको, जुलाब-उलटी झाली तर गोळी थांबवून लगेच फोन, निर्जळी उपवास नको. वारीला निघणाऱ्यांना हे वेगळं समजावते. पातळी तीन महिन्यांनी, थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या सहा महिन्यांनी. हे जमणार नसेल तर लिथियम सुरूच करू नका.

हॅलोपेरिडॉल दिल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान वाकडी होणं, जीभ बाहेर येणं, डोळे वर चढणं असं झालं तर घाबरू नका. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन द्या, थोड्या वेळात उतरतं. पण घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. तरण्या पोराची मान एकदम फिरलेली बघितली की घरातल्यांची खात्री पटते, की हे बाहेरचंच आहे.

दारूच्या पेशंटबाबत तुमची मला सर्वांत जास्त गरज लागेल, कारण ते स्क्रीनवर बघण्यासारखं काम नाही. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम: किडे दिसतात, अंथरूण चाचपतो, माणसं ओळखत नाही. यात माणसं दगावतात. त्याला दाखल करा, आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्या. साखर खूप उतरली असेल तर थांबू नका, दोन्ही एकदमच द्या. गावोगावी दारू सोडणाऱ्याला थायमिनशिवाय सलाईन चढवलं जातं, आणि त्यातून स्मरणशक्ती कायमची गेलेले दोन पेशंट मी बघितले आहेत.

याच कारणासाठी कुणी अचानक, दोन-तीन दिवसांत बडबडायला लागला असेल तर मला फोन लावण्याआधी ताप, नाडी, बीपी, साखर बघा. डोळ्यांना भलतं दिसणं, सकाळी ठीक आणि संध्याकाळी बेभान, असं असेल तर शरीरातलं कारण शोधा. मानसोपचारतज्ज्ञ नंतर.

कायद्याचं विचारलंत. टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दुरून उपचार करण्याच्या, मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० ला आल्या, आणि त्याच वर्षी इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी, टेलिमेडिसिन सोसायटी ऑफ इंडिया आणि बंगळुरूची निम्हान्स संस्था यांनी मानसोपचारासाठी वेगळी कार्यपद्धती काढली. दोन्ही छापून फाइलला लावा. त्यातल्या तीन गोष्टी रोज लागतात. पेशंटने स्वतः सल्ला मागितला तर संमती गृहीत धरली जाते, पण आरोग्य कर्मचाऱ्याने फोन लावला तर स्पष्ट संमती लागते. आपल्याकडे फोन सिस्टरच लावतात, तेव्हा केसपेपरवर संमती लिहा. दुसरं, अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याखालची आणि कडक नियंत्रणाच्या शेड्यूल एक्स यादीतली औषधं टेलिमेडिसिनमध्ये निषिद्ध ठेवली आहेत. डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम ही झोपेची, घाबरण्यावरची औषधं एनडीपीएसच्याच यादीत येतात, आणि लक्ष न लागणाऱ्या मुलांना देतात ते मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये. पण तुम्ही तिथे हजर आहात, हे तुमच्या केंद्राचं मोठं बळ आहे. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेण्याची सोय त्याच सूचनांत आहे. पेशंट तुम्ही तपासायचा, सल्ला माझा, निर्णय आणि चिठ्ठी तुमची. अल्प्राझोलाम मात्र जपून. आपल्या तालुक्यांत ती गोळी वर्षानुवर्षं खाणारी किती माणसं आहेत ते तुम्ही जाणताच.

तिसरी गोष्ट गोपनीयतेची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, त्याने पेशंटला हा हक्क दिला आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेशंटचं नाव किंवा फोटो टाकू नका, भेटीचं रेकॉर्डिंग करू नका. पेशंटच्या हातातल्या कार्डावर आजाराचं नाव न लिहिता नुसता नंबर आणि गोळ्या लिहा. ते कार्ड घरातलं, भावकीतलं कुणीही वाचतं. याच कायद्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. विष घेतलेल्याला केस होईल म्हणून दवाखान्यात न आणणारी घरं अजून आहेत. आशाताईंच्या बैठकीत हे पुन्हापुन्हा सांगा.

देवऋषी, मांत्रिक, दर्गा यांच्याशी भांडण मांडू नका. पेशंट तिथे आधी जाऊन आलेला असतो आणि पुढेही जाणार असतो. मी म्हणते, "अंगारा लावा, नवस फेडा, माझी हरकत नाही. गोळी चुकवू नका." पण मारणं, उपाशी ठेवणं, मिरचीची धुरी देणं, साखळीने बांधणं, इथे मी ठाम उभी राहते. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, हे घरच्यांना शांतपणे सांगते.

समुपदेशन सगळं तज्ज्ञानेच करावं असंही नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या शिकलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत नैराश्याच्या पेशंटना मदत केली, आणि त्याचा फायदा नीट अभ्यासून सिद्ध झाला. पद्धत साधी आहे. आजारी पडण्याआधी काय करायचास, त्यातलं काय सुटलं, या आठवड्यात त्यातलं एक छोटं काम कुठल्या दिवशी, किती वाजता करशील. आमच्या एका आजोबांचं ते काम होतं संध्याकाळी देवळात जाऊन पखवाजाला कणीक लावणं. वाजवायचं नाही, नुसती कणीक. तिसऱ्या आठवड्यात ते वाजवायला बसले. सिस्टरना हे शिकवायला मी दर आठवड्याला अर्धा तास वेगळा ठेवते, त्यात पेशंट नसतो.

शेवटचं, पण बीडसाठी सर्वांत अवघड. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि तुमची निम्मी ओपीडी कोल्हापूर-सांगलीच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांवर जाते. पहिल्या वर्षी मी हे धरलंच नव्हतं. दिवाळीनंतर स्क्रीनसमोर रिकामी खुर्ची दिसायला लागली. आता भाद्रपदातच सगळ्या ऊसतोड पेशंटची यादी काढतो. कुठला कारखाना, जोडीत कोण, फोन कुणाकडे असतो, ऊसतोड संपवून खोपीवर किती वाजता येतात. त्या वेळेला सिस्टर महिन्यातून एकदा फोन करतात आणि गरज असेल तर मला जोडून देतात. दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर, पुढच्या एसटी पार्सलने किंवा कारखान्याजवळच्या मेडिकलवर चिठ्ठी पाठवून. मरणाचे विचार येणाऱ्याकडे मात्र एवढ्या गोळ्या एकदम देत नाही, जोडीदाराकडे आठवड्याच्या हिशोबाने पाठवतो. मुकादमाला यातलं काहीही कळू देऊ नका. उचल घेतलेल्या माणसाला वेड्याच्या गोळ्या चालू आहेत असं पसरलं तर पुढच्या हंगामाचं काम जातं.

कधी सुरू करावं? टोळ्या परतल्यावर, चैत्रात. तोवरच्या महिन्यांत सिस्टरची तयारी होईल, कपाट भरेल. तुम्हाला संशय असलेल्या वीस पेशंटची यादी, नावं न लिहिता, नुसतं वय आणि तक्रार, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पहिल्या बाजाराच्या दिवशी तुमच्या तज्ज्ञांना गावात बोलवा आणि ती यादी त्यांच्या पुढ्यात ठेवा. त्या दिवशी टॅब पिशवीतच राहू द्या.